ठगाची जबानी नेमकी कोणाची? नळदुर्गचा कारभारी आणि त्याची गुन्हेगारी कादंबरी

१/
सोलापूरहून हैदराबादकडे निघाले की वाटेत नळदुर्ग लागते. बोरी नदीच्या वळणावरचा भुईकोट, इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात धरणाच्या पोटात बांधलेला पाणीमहाल आणि पावसाळ्यात धो धो कोसळणारे नर-मादी धबधबे यांसाठी हे गाव ओळखले जाते. याच नळदुर्ग जिल्ह्याचा, म्हणजे आजच्या धाराशिव परिसराचा, कारभार १८५३ ते १८५७ या काळात एक इंग्रज अधिकारी पाहत होता. त्याचे नाव फिलिप मेडोज टेलर. लंडनच्या वाचकांना त्याची ओळख होती ती निराळीच. ७१९ खून केल्याचे सांगणाऱ्या एका ठगाची कादंबरी लिहिणारा लेखक, ही ती ओळख.

२/
ती कादंबरी म्हणजे 'कन्फेशन्स ऑफ अ ठग'. लंडनच्या रिचर्ड बेंटली या प्रकाशकाने १८३९ साली ती तीन खंडांत प्रसिद्ध केली. गुन्हेगाराच्या तोंडून गुन्ह्याची कथा सांगणाऱ्या सुरुवातीच्या महत्त्वाच्या इंग्रजी कादंबऱ्यांत तिची गणना होते. ती घडली कशी, तिच्या घडणीतून आजच्या होतकरू लेखकाला काय घेता येईल, आणि तिच्यातला कोणता धोका ओळखून ठेवायला हवा, हे या थ्रेडमध्ये पाहू.

३/
टेलरचा जन्म २५ सप्टेंबर १८०८ रोजी लिव्हरपूल येथे झाला. १८२४ साली, वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षी, एका व्यापाऱ्याच्या पेढीवर नोकरी करण्यासाठी तो मुंबईत उतरला. ती पेढीच डबघाईला आलेली होती. नातेवाइकांच्या ओळखीतून त्याच वर्षी त्याला हैदराबादच्या निजामाच्या फौजेत जागा मिळाली. लेखक होण्याच्या दृष्टीने त्याच्या आयुष्यातली ही सर्वांत मोठी घटना म्हणावी लागेल. कंपनीच्या बड्या सनदी अधिकाऱ्यांभोवती दुभाषे आणि कारकून यांचा गराडा असे. निजामाच्या चाकरीतल्या तरुण अधिकाऱ्याला मात्र लोकांशी थेट बोलणे भाग होते.

४/
टेलर हिंदुस्तानी शिकला, फारसी शिकला, मराठीही शिकला. दख्खनच्या वाटा त्याने घोड्यावरून तुडवल्या. सराया, बाजार, जत्रा, सावकारांचे तांडे, फौजेतून सुटलेले बेकार शिपाई हे सारे त्याने जवळून पाहिले. लिहायला बसण्यापूर्वी त्याची दहा-बारा वर्षे अशी नुसती ऐकण्यात आणि पाहण्यात गेली होती. कादंबरी लिहिण्याची ही तयारी आहे, असे त्या वेळी त्याच्या मनातही नव्हते.

५/
विशीच्या उंबरठ्यावर असतानाच निजामी राज्याच्या नैर्ऋत्य भागात त्याच्याकडे पोलिसांचे काम आले. वाटसरू नाहीसे होत, क्वचित एखादे प्रेत सापडे. फिर्याद करायला कोणी नाही आणि साक्षीदारही नाही. या प्रकाराचा माग काढावा असे त्याला वाटू लागले, पण त्याला परत पलटणीत बोलावण्यात आले. पुढे ठगीचा उलगडा करण्याचे श्रेय विल्यम स्लीमनला मिळाले. आपण तिथेच राहिलो असतो तर हे रहस्य आपणच आधी उघड केले असते, ही हळहळ टेलरने आपल्या आत्मचरित्रात नोंदवली आहे. हुकलेला तपास असा मनात राहिला, आणि पुढे त्याचीच कादंबरी झाली.

६/
ठगांची पद्धत अशी. व्यापारी किंवा यात्रेकरूंच्या वेशात टोळी रस्त्याने चाले. गोड बोलून सावज जाळ्यात ओढणारा तो 'सोठा'. रुमालाने गळा आवळणारा 'भुत्तोट'. प्रेते पुरण्यासाठी खड्डे खणणारा 'लुघाई'. प्रवाशांचा पुरता विश्वास बसला, मुक्काम पडला, गप्पा रंगल्या की 'तंबाकू लाओ' यासारखा साधा शब्द इशारा म्हणून उच्चारला जाई. पुढच्या काही क्षणांत सारे संपलेले असे. टोळ्यांत हिंदूही होते आणि मुसलमानही; कुदळीची पूजा आणि देवीचे शकुन मात्र सर्वांनाच मान्य होते, असे त्यांच्या जबान्यांत येते.

७/
स्लीमनच्या मोहिमेचा कणा होता माफीचा साक्षीदार. पकडलेल्या ठगाने साथीदारांची नावे सांगावीत, पुरलेल्या प्रेतांच्या जागा दाखवाव्यात, आणि मोबदल्यात फाशी टळावी, असा हा व्यवहार. १८३० च्या अखेरीस फिरंगिया हा नामांकित ठग हाती लागला आणि मोहिमेला वेग आला. ठगांच्या गुप्त बोलीचा कोश आणि त्यांच्याशी झालेले संवाद स्लीमनने १८३६ साली 'रामासीआना' या ग्रंथात छापले.

८/
निजामाच्या मुलखातही अशा जबान्या घेण्याचे काम सुरू झाले, तेव्हा टेलरने त्यासाठी आपणहून नाव दिले. दिवसामागून दिवस तो खुनांचे तपशील लिहून घेत होता. १८३२ साली अशाच माफीच्या साक्षीदारांत त्याची गाठ अमीर अलीशी पडली. आपल्या हातून ७१९ जीव गेल्याचे हा माणूस सांगे. मध्ये तुरुंगात गेलेली वर्षे फुकट गेली नसती तर हा आकडा हजारावर गेला असता, अशी त्याची खंत होती. ही खंतच टेलरच्या मनात घर करून राहिली असावी, कारण कादंबरीतला अमीर अली नेमका याच सुरात बोलतो.

९/
इथे लेखकापुढे खरा प्रश्न उभा राहतो. हाताशी जबान्यांचा ढीग आहे. एका खुनामागून दुसरा, दुसऱ्यामागून तिसरा. दहाव्या खुनापाशी वाचक कंटाळतो, विसाव्यापाशी पुस्तक मिटतो. सरकारी कागद पुरावा म्हणून कितीही भक्कम असला तरी त्यातून कथा आपोआप उभी राहत नाही.

१०/
टेलरने यातून काढलेली वाट त्याच्याच प्रस्तावनेत सापडते. गुन्ह्यांची हकीकत जवळजवळ सगळी खरी आहे, असे तो सांगतो. कल्पित भाग घातला आहे तो फक्त घटना एकमेकींना जोडण्यासाठी आणि कथा वाचनीय होण्यासाठी. हे विधान लक्षात ठेवावे. मणी खरे, दोरा कल्पनेचा, असा त्याचा दावा आहे. गुन्हेगारी कादंबरीचे सारे कसब या दोऱ्यात असते. आणि पुढे दिसेल की सारी जोखीमही त्यातच असते.

११/
दुसरा निर्णय निवेदकाचा. कथा सांगतो तो स्वतः अमीर अली. समोर एक 'साहेब' बसलेला आहे. तो अधूनमधून एखादा प्रश्न विचारतो, शहारतो, पुन्हा लिहू लागतो. लंडनमध्ये तेव्हा गुन्हेगारांच्या कथांची लाटच होती. एडवर्ड बुल्वर-लिटनच्या 'पॉल क्लिफर्ड' आणि 'यूजीन अॅरम' या कादंबऱ्या गाजल्या होत्या, डिकन्सची 'ऑलिव्हर ट्विस्ट' क्रमशः प्रसिद्ध होत होती. टेलरला लिहिण्यासाठी बुल्वर-लिटनचे प्रोत्साहनही लाभले. तरीही अख्खी कादंबरी खुन्याच्या स्वाधीन करणे, हे धाडसच होते.

१२/
या निवडीचा परिणाम विलक्षण आहे. अमीर अली राक्षसासारखा दिसत नाही. तो देखणा, नीटनेटका, अदबीने बोलणारा आहे. बायकोवर जीव टाकतो, मित्रांना जपतो, दिल्या शब्दाला जागतो. त्याच्या गोड बोलण्याला जसे प्रवासी भुलले तसाच वाचकही भुलतो आणि त्याच्याबरोबर पुढच्या मुक्कामाला निघतो. इशारा झाल्यावर दचकतो, आणि आपणही याच सोबतीत रमलो होतो हे त्याला उमगते. ठगी म्हणजे काय हे समजावणारे एखादे लांबलचक प्रकरण जे साधू शकले नसते, ते या मांडणीने साधले.

१३/
(पुढे कथानकाचा उलगडा आहे.)
कल्पनेचा दोरा कसा ओवला आहे पाहा. लहानग्या अमीर अलीच्या आईबापांना ठगांनी मारले. टोळीतल्या इस्माईलने त्याला मुलासारखे वाढवले. ज्यांनी अनाथ केले त्यांचाच धंदा त्याने उचलला. बहिणीच्या गळ्यातला एक जुना रुपया ताईत म्हणून सुरुवातीलाच वाचकाच्या नजरेला पडतो. पुढे अनेक वर्षांनी एका अनोळखी स्त्रीला मारल्यावर तोच ताईत अमीर अलीच्या हाती येतो. त्या स्त्रीचे नाते त्याला कळते ते फार उशिरा. सातशे खुनांनी जे मन हलले नाही ते या एका खुणेने हलते.

१४/
भूगोल मात्र पक्का खरा आहे. हैदराबादचे रस्ते, उमरखेडचा परिसर, सरायांतले मुक्काम, पेंढाऱ्यांचा सरदार चितू आणि त्याच्या धाडी हे सारे त्या काळच्या दख्खनचे आहे. १८१७-१८ च्या युद्धानंतर फौजा मोडल्या, शिपाई उपाशी फिरू लागले, रस्ते असुरक्षित झाले. हा इतिहास कादंबरीच्या पार्श्वभूमीला सतत वाहत राहतो. टेलरने तो शिकवला नाही, पात्रांच्या पोटापाण्यात मिसळून टाकला.

१५/
पुस्तकाने लंडन हलवले. छापखान्यातून निघणारे कच्चे फर्मे राणी व्हिक्टोरियाने पुस्तक बांधून होण्याआधीच मागवले, असे टेलर आत्मचरित्रात सांगतो. एडगर अॅलन पोची पहिली गुप्तहेरकथा आली ती १८४१ मध्ये, म्हणजे यानंतर दोन वर्षांनी. फ्रान्समध्ये यूजीन स्यूने १८४४-४५ च्या आपल्या कादंबरीत थेट फिरंगिया नावाचा ठगच आणला. आज इंग्रजीत कुठल्याही गुंडाला 'ठग' म्हणतात. आपल्या बोलीतला हा शब्द जगभर पोहोचवण्यात स्लीमनच्या अहवालांइतकाच टेलरच्या कादंबरीचा वाटा आहे.

१६/
गुन्हेगारी कथा लिहू पाहणाऱ्यांनी या घडणीतून काय घ्यावे?

• आधी ऐका. भाषा, बाजार, रस्ता, धंद्याचे शब्द यांत मुरल्याशिवाय गुन्ह्याचे वर्णन पोकळ राहते.
• प्रत्येक गुन्हा लिहू नका. ७१९ मधले मोजकेच निवडा, आणि प्रत्येकाने माणसाची एक नवी बाजू दाखवली पाहिजे.
• गुन्हेगाराला माणूस म्हणून उभे करा. भीती वाटते ती ओळखीच्या चेहऱ्याची.
• शेवटी जी खूण उपयोगी पडणार आहे ती सुरुवातीलाच, कोणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने ठेवा.
• एखादा तपास हुकला, एखादा प्रश्न अनुत्तरित राहिला तर तो टाकू नका. त्यातूनच लिहावेसे वाटते.

१७/
आता दुसरी बाजू. जबानी देणारा माणूस कैदेत होता. समोरच्या अधिकाऱ्याला पटेल असे बोलणे, हाच त्याचा जीव वाचवण्याचा मार्ग होता. जितकी नावे जास्त, जितके तपशील भयंकर, तितका साक्षीदार मोलाचा. अशा माणसाने सांगितलेला ७१९ हा आकडा त्याची बढाई किती, भीती किती आणि सत्य किती, हे जबानीच्या कागदावरून ठरवणे अवघड आहे. कादंबरीत मात्र तो आकडा पक्का होऊन बसतो, कारण तिथे उलटतपासणी घ्यायला कोणी वकील नसतो.

१८/
कायदाही त्याच दिशेने वळत होता. १८३६ च्या तिसाव्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे हाच गुन्हा ठरवला आणि त्यासाठी जन्मठेप व सक्तमजुरी ठेवली. अमुक माणसाने अमुक खून केला, हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. राधिका सिंघा, मार्टिन व्हान वोर्केन्स, किम वॅगनर या इतिहासकारांनी या कागदपत्रांची नव्याने छाननी केली आहे. रस्त्यांवर टोळ्या माणसे मारत होत्या, हे या चर्चेत वाहून जाऊ नये. वाद आहे तो वर्णनाचा: देवीच्या आज्ञेने खून करणारा अखिल हिंदुस्थानातला एकच गुप्त पंथ की गरिबी, मोडलेल्या फौजा, स्थानिक जमीनदारांचा आश्रय यांतून उभ्या राहिलेल्या वेगवेगळ्या टोळ्या?

१९/
कादंबरीने यातले पहिले चित्र उचलले, कारण ते सलग आणि थरारक होते. मणी जसेच्या तसे ठेवूनही दोरा बदलला की माळ वेगळी दिसते, ती अशी. टेलरने खोटे लिहिले असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण सांधे जुळवताना त्याने जे निवडले त्यातून एक समज रुजला: काही माणसे जन्माने आणि धर्माने गुन्हेगार असतात.

२०/
हीच सवय त्याच्या पुढच्या लेखनातही दिसते. १८५३ च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दोआब आणि नळदुर्गचा पश्चिम मुलूख निजामाकडून कंपनीकडे आला, आणि शोरापूरहून टेलरची नेमणूक नळदुर्गला झाली. जमीनमोजणी, महसूल, रस्ते यांत तो चार वर्षे गढला होता. लोक 'मेडोज'चा उच्चार 'महादेव बाबा' असा करीत. १८५७ च्या धामधुमीत त्याला वऱ्हाडात बुलढाण्याकडे धाडण्यात आले, आणि १८६० मध्ये नळदुर्ग पुन्हा निजामाकडे गेला. तुळजापूर मात्र त्याच्या मनातून गेले नाही. १८६३ साली आलेल्या त्याच्या 'तारा' या कादंबरीची नायिका तुळजापूरच्या ब्राह्मण घरातली आहे, आणि कथेत भवानीचे मंदिर, अफजलखान, शिवाजी महाराज सारे येतात.

२१/
'तारा' (१८६३), 'राल्फ डार्नेल' (१८६५), 'सीता' (१८७२) या तीन कादंबऱ्या त्याने १६५७, १७५७, १८५७ अशा शंभर-शंभर वर्षांच्या टप्प्यांवर बेतल्या. अफजलखानाचा वध झाला १० नोव्हेंबर १६५९ रोजी. शतकांची माळ सुबक दिसावी म्हणून कथेला १६५७ ची चौकट दिली गेली. दोन वर्षांचा हा फरक कादंबरीत खपून जातो. पण आकृतीच्या मोहाने तथ्य कसे वाकते, याचा हा सोपा नमुना आहे, आणि इतिहास वाचणाऱ्याने तो ओळखायला शिकले पाहिजे.

२२/
ठगीच्या मोहिमेत तयार झालेला विचार पुढे मोठा झाला. १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा आला. आधी उत्तर हिंदुस्थानात आणि पुढे इतर प्रांतांत. आता एखादी टोळी नव्हे, अख्खी जमातच जन्मतः गुन्हेगार म्हणून नोंदली गेली. हजेरी, परवाने, तारेच्या कुंपणातल्या वसाहती हे तिच्या वाट्याला आले. कायदा रद्द होऊन या जमाती ३१ ऑगस्ट १९५२ रोजी विमुक्त झाल्या. कागदावरचा शिक्का पुसला गेला. गावात चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालांकडे वळणारी नजर मात्र त्या तारखेने बदलली नाही.

२३/
आणि मग याच मुलखातून उलट दिशेने एक पुस्तक आले. लातूर तालुका १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यातच होता. त्या तालुक्यातल्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' हे आत्मकथन १९८७ साली प्रसिद्ध झाले आणि १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. जातीवर चोरीचा शिक्का, पोलिसांचा मार, उपास, आणि शाळेत गेलेला घरातला पहिला मुलगा. इथे समोर बसून लिहून घेणारा साहेब नाही, फाशी टाळण्याचा सौदा नाही. ज्याला गुन्हेगार म्हटले गेले त्यानेच लेखणी हातात घेतली आहे.

२४/
ही दोन पुस्तके एकापाठोपाठ एक वाचावीत. 'कन्फेशन्स' शिकवते की उत्कंठा कशी बांधावी, आवाज कसा घडवावा, खून करणारा माणूस आतून कसा दिसतो. 'उचल्या' दाखवते की त्या आवाजाच्या पलीकडे कोण कोण मुके राहिले होते. अमीर अलीने काय केले, हे कादंबरी सांगते. त्याच्या जबानीवरून पकडल्या गेलेल्यांना काय म्हणायचे होते, हे ती सांगू शकत नाही.

२५/
म्हणून होतकरू लेखकांसाठी शेवटचा आणि सर्वांत कठीण धडा असा. गुन्ह्याची कथा लिहिताना माहिती कोणी दिली, ती देताना त्याला कशाची भीती होती, आणि घटना जोडताना आपण मधे काय भरले, एवढे तीन प्रश्न हस्तलिखिताच्या समासात लिहून ठेवावेत. उत्तरे मिळाली तर कथा पक्की होते. नाही मिळाली तर ती जागा कथेतही मोकळी सोडावी; वाचक ती मोकळी जागाही वाचतो.

२६/
टेलरचे १३ मे १८७६ रोजी फ्रान्समधल्या मांतों येथे निधन झाले. 'स्टोरी ऑफ माय लाइफ' हे त्याचे आत्मचरित्र पुढच्या वर्षी त्याच्या मुलीने प्रसिद्ध केले. नळदुर्ग-तुळजापूर परिसरातल्या घरांत 'महादेव बाबा'च्या, जुन्या हमरस्त्यांच्या किंवा ठगांच्या आठवणी अजूनही सांगितल्या जात असतील, तर त्या सांगणाऱ्याच्या शब्दांत, नाव-गाव विचारून आणि त्याच्या परवानगीने लिहून ठेवाव्यात. पुढच्या कादंबरीचे मणी तिथेच पडलेले आहेत.

(थ्रेड समाप्त)